पहिल्याच वर्षी हजार यार्ड? नवख्या रिसीव्हरचे आकडे वाचायचे कसे

८ सप्टेंबर २०२४, रविवार. फिनिक्सजवळ बहिणीच्या घरी दीड दिवसाचा गणपती, आणि त्या दिवशी विसर्जन. स्वयंपाकघरात दहीपोह्यांच्या शिदोरीची तयारी चाललेली, आणि हॉलमध्ये आवाज बारीक करून लावलेला टीव्ही. माझा बारा वर्षांचा भाचा १८ नंबरची लाल जर्सी घालून टीव्हीसमोर मांडी ठोकून बसला होता. अमेरिकन फुटबॉलमधल्या अ‍ॅरिझोना कार्डिनल्स संघाचा नवा वाइड रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारा खेळाडू, मार्विन हॅरिसन ज्युनियर त्याचा पहिला व्यावसायिक सामना खेळत होता, तिकडे दूर बफेलोमध्ये. सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर होता एक झेल आणि चार यार्ड. कार्डिनल्स ३४-२८ ने हरले. भाचा उठला, आत जाऊन जर्सी काढून आला आणि म्हणाला, "मामा, याचं काही खरं नाही."

पुढच्या रविवारी, १५ तारखेला, घरच्या मैदानावर लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध सामना होता. पहिल्या क्वार्टरमध्येच, म्हणजे खेळाच्या पहिल्या पंधरा मिनिटांत, हॅरिसनने चार झेल घेतले, १३० यार्ड मिळवले आणि दोन टचडाउन केले. त्यातलं एक तब्बल ६० यार्डांचं. जर्सी परत अंगावर आली. आता भाच्याच्या मते हा पोरगा हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, जाणार होता.

मधे गेले होते फक्त सात दिवस. या सात दिवसांत हॅरिसनमध्ये काहीही बदललं नव्हतं. बारा वर्षांच्या मुलाने असं एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाणं समजू शकतं, पण त्या आठवड्यात मोठी माणसंही तशीच बोलत होती. नवख्या रिसीव्हरकडून काय अपेक्षा ठेवायची आणि त्याचे आकडे कसे वाचायचे, हे नीट सांगितलं तर या खेळाची गोडी वाढते असा माझा अनुभव आहे. म्हणून हा लेख.

अमेरिकन फुटबॉल पाहत नसाल तर आधी थोडी ओळख. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू, मैदान १०० यार्डांचं, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जेमतेम साडेआठ सेंटिमीटर कमी. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. चेंडू पलीकडच्या एंड झोनमध्ये नेला की टचडाउन. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो. वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा राहतो, खेळ सुरू होताच धावत सुटतो, आणि चेंडू आलाच तर झेलतो. त्या झेलाने संघ जितका पुढे सरकला तितके यार्ड त्याच्या नावावर. 'आलाच तर' हे दोन शब्द लक्षात ठेवा. बरीचशी गोष्ट त्यांच्यातच आहे.

व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२ संघ आहेत. दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट होतो. कॉलेजातून आलेल्या खेळाडूंना संघ पाळीपाळीने निवडतात, सात फेऱ्यांत. आधीच्या हंगामात तळाला असलेल्यांना आधी निवड मिळते. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिले तिन्ही खेळाडू क्वार्टरबॅक होते आणि चौथा हॅरिसन. म्हणजे क्वार्टरबॅक सोडले तर त्या वर्षी सगळ्या देशातून सर्वांत आधी उचलला गेलेला खेळाडू हाच.

त्यात आडनाव. वडील मार्विन हॅरिसन हे इंडियानापोलिस कोल्ट्सचे थोर रिसीव्हर. २००२ साली त्यांनी एका हंगामात १४३ झेल घेतले होते, आणि तो विक्रम २०१९ पर्यंत टिकला. २०१६ पासून ते हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मुलगा ओहायो स्टेट विद्यापीठाकडून खेळताना लागोपाठ दोन हंगामांत १,२०० यार्डांच्या वर गेला, दोन्ही वेळा १४ टचडाउन केले, आणि २०२३ चा देशातल्या सर्वोत्तम कॉलेज रिसीव्हरचा बिलेटनिकॉफ पुरस्कारही त्यालाच मिळाला. तेंडुलकर आडनाव लावून मैदानात उतरणं काय असतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

पण नुसतं आडनाव आणि चौथा क्रमांक यांनी अपेक्षा एवढी फुगली नसती. तिच्यामागे त्याआधीची चार वर्षं आहेत. २०२० मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जच्या जस्टिन जेफरसनने पहिल्याच वर्षी ८८ झेल आणि १,४०० यार्ड काढले. २०२१ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सच्या जमार चेसने १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन. २०२३ मध्ये तर कमालच झाली. रॅम्सचा पुका नाकुआ, पाचव्या फेरीत १७७ व्या क्रमांकावर निवडलेला, १०५ झेल आणि १,४८६ यार्ड घेऊन बसला. नवख्या खेळाडूच्या यार्डांचा १९६० पासूनचा विक्रम त्याने मोडला. चार वर्षांत असं तीनदा पाहिलं की माणसाला वाटायला लागतं, हे असंच असतं. जे अपवाद होते तेच नियम वाटू लागले. १७७ व्या नंबरचा मुलगा जर १,४८६ काढतो, तर चौथ्या नंबरच्याने किती काढावेत, असा साधा हिशेब लोकांनी मांडला.

फँटसी फुटबॉलचाही हात आहे. आपल्याकडे क्रिकेटवर पॉइंटचे संघ काढतात तसाच प्रकार. अमेरिकेत ऑफिसच्या ऑफिसं यात रमलेली असतात. त्यातल्या प्रचलित पद्धतीत एका झेलाला एक पॉइंट, दहा यार्डांना एक आणि टचडाउनला सहा. लोकांनी हॅरिसनला हंगाम सुरू होण्याआधीच अगदी सुरुवातीच्या फेऱ्यांत उचलला होता, म्हणजे त्याच्यावर स्वतःची महागडी निवड खर्च केली होती. अशा माणसाला एक झेल, चार यार्ड हा आपला वैयक्तिक तोटा वाटतो. मग तो खेळ पाहत नाही, पॉइंट पाहतो.

आता मूळ मुद्द्याकडे. रिसीव्हरचे यार्ड ही एकट्याची कमाई नसते. क्रिकेटमध्ये फलंदाजाला चेंडू मिळतोच, बाकी मग त्याची बॅट आणि त्याचं नशीब. रिसीव्हरचं तसं नाही. आधी प्रशिक्षकाने फेकीचा डाव बोलावला पाहिजे. मग पुढच्या फळीतल्या पाच धिप्पाड गड्यांनी क्वार्टरबॅकला दोन-अडीच सेकंद तरी वाचवलं पाहिजे. त्या वेळात क्वार्टरबॅकची नजर याच्यावर पडली पाहिजे, कारण त्याच वेळी आणखी तीन-चार जण चेंडूसाठी धावत असतात. फेक नीट आली पाहिजे. हे सगळं जुळलं की मग कुठे याची पाळी. संघ एका सामन्यात साधारण तीस-पस्तीस वेळा चेंडू फेकतो. मुख्य रिसीव्हरच्या वाट्याला त्यातले सात, आठ, फार तर दहा येतात.

रॅम्सविरुद्धचा तोच सामना पुन्हा बघा. पहिल्या क्वार्टरमध्ये चार झेल, १३० यार्ड. उरलेल्या तीन क्वार्टरमध्ये किती? शून्य. संघ मोठ्या आघाडीवर होता आणि ४१-१० ने जिंकला. आघाडी असली की चेंडू हातात धरून धावायचं, घड्याळ पळू द्यायचं, विनाकारण फेकायचं नाही, हा साधा शहाणपणा. हॅरिसन काही पंधरा मिनिटांनंतर खेळायचं विसरला नव्हता. तो धावतच होता, चेंडू दुसरीकडे जात होता.

तरी सगळं इतरांवर ढकलून मोकळं होता येत नाही. कॉलेजातला उत्तम रिसीव्हर एनएफएलमध्ये आल्यावर त्याला खरोखरच बऱ्याच गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात, आणि त्यातल्या काही इतक्या बारीक आहेत की टीव्हीवर सहज लक्षात येत नाहीत.

उदाहरणार्थ पाय. कॉलेजच्या नियमांत कडेच्या रेषेजवळ झेल घेताना एक पाऊल मैदानात टेकलं की झेल वैध. एनएफएलमध्ये दोन्ही पावलं टेकावी लागतात. लिहायला अर्ध्या ओळीचा फरक, पण करून बघा. तुम्ही पूर्ण वेगात रेषेकडे धावताय, चेंडू खांद्यावरून मागून येतोय, अंगाला अंग घासत एक माणूस धावतोय. चेंडू बोटांत आला त्या क्षणी शरीर रेषेबाहेर झुकलेलं असतं. एक पाऊल आत आहे. दुसरं आता उचलायचं नाही, चवड्यावर घासत ओढायचं, बुटाचं टोक गवताला लागलं पाहिजे आणि पांढऱ्या रेषेला लागता कामा नये. चेंडू तोवर हातात घट्ट हवा. रात्रंदिवस घोटल्याशिवाय हे पायांत बसत नाही. तीन वर्षं ज्या पायांना एकाच टेकवण्याची सवय, त्यांना ऑगस्टपर्यंत दुसरी सवय लावायची.

चेंडूसुद्धा वेगळा. कॉलेजच्या चेंडूवर दोन्ही टोकांजवळ पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या चेंडूवर नसतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरावाच्या सामन्यांत जमार चेसच्या हातून चेंडू सुटू लागले तेव्हा त्याने हे कारण सांगितलं होतं, आणि लोक त्याला हसले होते. पट्टे फिरताना दिसले की चेंडूचा अंदाज येतो, आणि जन्मभर तसेच चेंडू झेललेले असतात. सप्टेंबरात खरा हंगाम सुरू झाला, पहिल्याच सामन्यात चेसने १०१ यार्ड आणि एक टचडाउन केलं. त्याच हंगामात जानेवारीत कॅन्सस सिटीविरुद्ध एका सामन्यात २६६ यार्ड, नवख्या खेळाडूचा एका सामन्यातला विक्रम. ऑगस्टमधल्या चिंतेचं नाव कोणी काढलं नाही.

मग समोरचा माणूस. रिसीव्हरला अडवणाऱ्याला कॉर्नरबॅक म्हणतात. कॉलेजात आठवड्यागणिक यांचा दर्जा वरखाली होतो. कधी समोर पुढे व्यावसायिक होणारा असतो, कधी पुढच्या वर्षी बँकेत नोकरी करणारा. एनएफएलमध्ये समोर येतो तो प्रत्येक जण आपापल्या विद्यापीठाचा हिरा होता. तो अगदी नाकासमोर येऊन उभा राहतो आणि पहिल्या पाच यार्डांत छातीवर हात मारून धक्के देणं त्याला नियमाने मान्य आहे. तिथे अर्धा सेकंद गेला तर सगळा डाव हुकतो, कारण फेक ठरलेल्या क्षणी सुटते.

हे 'ठरलेल्या क्षणी' जवळून बघण्यासारखं आहे. रिसीव्हर ज्या ठरलेल्या वाटेने धावतो तिला रूट म्हणतात. समजा बारा यार्ड धावून झटकन थांबायचं आणि मागे वळायचं असा रूट आहे. हा माणूस सुरुवातीपासून अशा आवेशाने धावतो की जणू चाळीस यार्ड जायचंय. खांदे पुढे, हात जोरात, डोळे लांब. कॉर्नरबॅकला वाटतं हा सुटला, तो कंबर फिरवून मागे पळायला लागतो. त्याच क्षणी रिसीव्हर कंबर खाली घेतो, दोन-तीन छोट्या पावलांत सगळा वेग जिरवतो आणि वळतो. वळतो तेव्हा चेंडू हवेत असतोच. तो वळण्याच्या आधीच क्वार्टरबॅकने फेकलेला असतो, माणूस जिथे दिसतोय तिथे नाही, जिथे असणार आहे तिथे. थांबायला एक पाऊल जास्त घेतलं तर चेंडू समोरच्याच्या हातात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं क्वार्टरबॅकने वेड्यासारखं फेकलं. कधी तसं असतंही. पण कित्येकदा चूक त्या एका जास्तीच्या पावलाची असते.

आणि काही रूट तर धावता धावता बदलायचे असतात. मागचा बचावपटू खोल राहिला तर आत वळ, पुढे आला तर सरळ जा. हे रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक या दोघांनी, एकमेकांशी न बोलता, एकाच क्षणी सारखंच वाचायला हवं. जुन्या तबलजी-गायकाच्या जोडीला समेवर येण्यासाठी खुणा लागत नाहीत, तसं. ही समज एका उन्हाळ्यात येत नाही. चेसच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलताना लोक हे विसरतात की त्याचा क्वार्टरबॅक जो बरो आणि तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात एकत्र खेळलेले होते, २०१९ च्या हंगामात राष्ट्रीय विजेते ठरलेल्या संघात. त्यांची सम आधीच जुळलेली होती. हॅरिसन आणि कार्डिनल्सचा तेव्हाचा क्वार्टरबॅक कायलर मरी यांची जोडी मात्र २०२४ मध्येच जमली.

आता आकडे. पूर्ण हंगामात, १७ सामन्यांत, हॅरिसनने ६२ झेल घेतले, ८८५ यार्ड, ८ टचडाउन. ऑक्टोबरात ग्रीन बेविरुद्ध डोक्याला मार बसून तो एकही झेल न घेता बाहेर गेला होता, तो सामनाही यात धरलेला आहे. हजार यार्ड, म्हणजे चांगल्या हंगामाची लोकांनी मानलेली खूण, झाले नाहीत, आणि लोकांनी तोंड वाकडं केलं. कारण त्याच्याच ड्राफ्टमधले तीन रिसीव्हर हजाराच्या पार गेले होते आणि तिघेही त्याच्यानंतर निवडलेले. न्यूयॉर्क जायंट्सचा मलिक नेबर्स १०९ झेल, १,२०४ यार्ड. जॅक्सनव्हिलचा ब्रायन थॉमस ज्युनियर १,२८२ यार्ड. चार्जर्सचा लॅड मॅकॉन्की, जो तर दुसऱ्या फेरीतला, १,१४९ यार्ड.

इथे एक पायरी खाली उतरून बघायला हवं. चेंडू कोणाच्या दिशेने किती वेळा फेकला गेला याची नोंद ठेवतात, तिला टार्गेट म्हणतात. नेबर्सला १५ सामन्यांत १७० टार्गेट मिळाले, सामन्याला अकराहून जास्त. जायंट्सकडे त्याच्याशिवाय फेकायला फारसं कोणी नव्हतं, आणि तो संघ फक्त तीन सामने जिंकला. हॅरिसनला १७ सामन्यांत ११६, म्हणजे सामन्याला सात. आता यार्डांना टार्गेटने भागा. नेबर्सचे दर टार्गेटला ७.१ यार्ड, हॅरिसनचे ७.६. दर फेकीमागे हॅरिसनने नेबर्सपेक्षा थोडं जास्तच कमावलं. त्याच्याकडे चेंडू कमी आला, एवढाच फरक.

कमी का आला? कारण कार्डिनल्सकडे ट्रे मॅकब्राइड होता. टाइट एंड, म्हणजे फळीलगत उभा राहून मधल्या भागात जवळचे झेल घेणारा. त्याला १४७ टार्गेट मिळाले, त्यातले १११ त्याने झेलले. भरवशाचा माणूस जवळ उभा असताना लांबच्या नव्या मुलाकडे कोण फेकेल? हॅरिसनला पाठवत होते लांब, कडेकडेने, अवघड जागी. मॅकब्राइडचा एक झेल सरासरी दहा यार्डांचा, हॅरिसनचा चौदा. अवघड कामात यशाचं प्रमाण कमी असणारच.

पण हाच भागाकार जेफरसनला लावला तर ११.२ येतात, चेसला ११.४, थॉमसला ९.६, नाकुआला ९.३. तेव्हा 'बिचाऱ्याला चेंडूच मिळाला नाही' एवढ्यावर थांबणंही अप्रामाणिक होईल. त्याला मिळालेल्या ११६ फेकींतल्या जेमतेम निम्म्याच पूर्ण झाल्या. मला स्वतःला त्याचे सामने पाहताना दोन गोष्टी खटकल्या. दोघांच्या झटापटीत चेंडू हिसकावून घेण्यात तो त्याच्या उंचीच्या मानाने नरम वाटला, आणि झेल घेतल्यावर पुढे दोन माणसं चुकवून चार-पाच यार्ड जास्तीचे काढणं त्याला फारसं जमत नव्हतं. नेबर्सच्या खेळात ती भूक ढळढळीत दिसते. या तक्रारी रास्त आहेत. 'हजार झाले नाहीत' ही मात्र तक्रार म्हणून कच्ची आहे, कारण हजार हा फक्त एक गोल आकडा आहे. हंगाम १६ सामन्यांचा होता तेव्हाही हजारच मोजत होते, आणि २०२१ पासून १७ सामने झाले तरी हजारच.

आता एक गंमत सांगतो, जी कळल्यावर मी स्वतः वही काढून तीन ओळी एकाखाली एक लिहिल्या होत्या. मार्विन हॅरिसन ज्युनियर, २०२४: ६२ झेल, ८८५ यार्ड, ८ टचडाउन. वडील मार्विन हॅरिसन, त्यांचं पहिलं वर्ष १९९६: ६४ झेल, ८३६ यार्ड, ८ टचडाउन. आणि लॅरी फिट्झजेराल्ड, कार्डिनल्सच्या इतिहासातला सर्वांत लाडका रिसीव्हर, २००४ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा, त्याचं पहिलं वर्ष: ५८ झेल, ७८० यार्ड, ८ टचडाउन.

नावं झाकली तर कुठली ओळ कोणाची हे सांगता येणार नाही. ज्या दोन माणसांच्या मापाने या मुलाला मोजत होते, त्यांची स्वतःची सुरुवात याच्याइतकीच, किंबहुना यार्डांत किंचित कमीच होती.

फिट्झजेराल्डने दुसऱ्याच वर्षी १०३ झेल आणि १,४०९ यार्ड काढले, आणि २०२० चा शेवटचा हंगाम संपवताना त्याच्या नावावर १७,४९२ यार्ड होते. वडील हॅरिसनना मात्र वेळ लागला. दुसऱ्या वर्षी ८६६, तिसऱ्या वर्षी दुखापतीमुळे ७७६. १९९८ मध्ये पेटन मॅनिंग हा क्वार्टरबॅक कोल्ट्समध्ये आला, दोघांनी सराव करकरून सूर जमवला, आणि चौथ्या वर्षी, १९९९ मध्ये, एकदम १,६६३. आजच्या वातावरणात त्या मधल्या तीन वर्षांत लोकांनी त्यांना केव्हाच मोडीत काढलं असतं.

जेरी राइस या थोर रिसीव्हरची कथा तर मला फार जवळची वाटते. वडील गवंडीकाम करायचे. उन्हाळ्यात पोरं कामावर जायची, आणि भावांनी खालून भिरकावलेल्या विटा जेरी वर उभा राहून झेलायचा. त्याच हातांनी पुढे २२,८९५ यार्ड काढले, आणि त्या आकड्याच्या जवळपास आजही कोणी नाही. पण १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिल्या वर्षी त्याच हातांतून चेंडू सुटत होते, आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. विटा झेलणारा माणूस चेंडू सोडत होता, कारण त्याचं डोकं रूटमध्ये अडकलं होतं. पुढे काय, कुठे वळायचं, समोरचा काय करतोय, याचा विचार करता करता चेंडूवरची नजर अर्धा क्षण आधीच निघायची. डिसेंबरात रॅम्सविरुद्ध त्याने २४१ यार्ड काढले. तरी हंगामाअखेर ९२७ यार्ड आणि तीनच टचडाउन. दुसऱ्या वर्षी १,५७० यार्ड आणि १५ टचडाउन.

दुसऱ्या वर्षी झेप घेतलीच पाहिजे असंही नाही. ग्रीन बेचा डेव्हान्टे अ‍ॅडम्स पहिल्या वर्षी ४४६ यार्डांवर थांबला, दुसऱ्या वर्षी ४८३, आणि अख्ख्या हंगामात एकच टचडाउन. २०२० मध्ये त्याच माणसाने १८ टचडाउन केले.

या गोष्टी ऐकून कोणी असं समजू नये की थांबलं की प्रत्येक जण राइस होतो. २०१७ मध्ये ड्राफ्टआधीच्या चाचणीत जॉन रॉस ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला, तेव्हाचा त्या चाचणीतला विक्रम. बेंगल्सने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं, आणि पहिल्या हंगामात त्याने एकही झेल घेतला नाही. पुढेही तो फार चालला नाही. २०२० मध्ये फिलाडेल्फियाने २१ व्या क्रमांकावर जेलन रेगर निवडला. पहिल्या वर्षी ३९६ यार्ड, आणि नंतर तो या संघातून त्या संघात फिरत राहिला. त्याच्या लगेच मागच्या, २२ व्या क्रमांकावर गेला जस्टिन जेफरसन. ज्यांचा उद्योगच खेळाडू पारखण्याचा, त्यांनाही दोन शेजारच्या नावांतला फरक कळला नाही. खुद्द व्हायकिंग्जनेही जेफरसनला पहिल्या दोन सामन्यांत सुरुवातीच्या संघात घेतलं नव्हतं. पाच झेल, ७० यार्ड. तिसऱ्या सामन्यात घेतलं आणि त्याने १७५ काढले.

मग पहिल्या वर्षी बघायचं काय? मी तीन प्रश्न विचारतो. हा मोकळा होतो का? म्हणजे चेंडू येवो न येवो, समोरच्यापासून दोन हात सुटतो का? दुसरा, प्रशिक्षक त्याला मैदानावर ठेवतात का, आणि अटीतटीच्या वेळी, तिसऱ्या प्रयत्नाला, तो आत असतो का? संघाला त्याच्याबद्दल खरोखर काय वाटतं ते इथे दिसतं, मुलाखतींत नाही. आणि तिसरा, तीच चूक नोव्हेंबरात पुन्हा होते का? सप्टेंबरातल्या चुकांचं मला काही वाटत नाही. हंगामाच्या शेवटी पायही थकलेले असतात. कॉलेजचा हंगाम, मग चाचण्या, ड्राफ्ट, सराव शिबिर आणि लगेच १७ सामने, या मुलांना वर्षभर विसावाच नसतो. तरी त्या थकव्यात रूट नेमके राहिले असतील तर मला पुढच्या वर्षाची काळजी वाटत नाही.

अडचण अशी की पहिला प्रश्न टीव्हीवर सुटत नाही. कॅमेरा चेंडूच्या मागे असतो. खेळ सुरू झाला की दोन सेकंदांत रिसीव्हर चौकटीबाहेर जातो, आणि चेंडू त्याच्याकडे आला तरच परत दिसतो. म्हणजे टीव्हीवर आपण रिसीव्हरचं जे काम पाहतो ते त्याच्या कामाचा पाचवा हिस्साही नसेल.

म्हणून डिसेंबरात मी भाच्याला ग्लेंडेलच्या स्टेडियमवर घेऊन गेलो. स्वस्तातली तिकिटं, सर्वांत वरच्या मजल्यावरची, जिथून माणसं मुंगीएवढी दिसतात पण सगळं मैदान एका नजरेत येतं. त्याला सांगितलं, आज चेंडू बघायचा नाही. फक्त १८ बघायचा. पहिली दहा मिनिटं त्याला ते जमेना, मान आपोआप चेंडूकडे वळायची. मग हळूहळू जमलं. तो धावतोय, थांबतोय, वळतोय, चेंडू दुसरीकडे. पुन्हा रांगेत उभा. पुन्हा धावतोय.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये एका डावात हॅरिसन कडेने सरळ खोल सुटला. कॉर्नरबॅक त्याच्या मागे, आणि मधला बचावपटूही तिकडेच धावला. मैदानाचा मधला तुकडा एकदम रिकामा पडला आणि मॅकब्राइडने तिथे निवांत चेंडू झेलून दहा यार्डांची रेषा ओलांडली. आजूबाजूचे सगळे उठून मॅकब्राइडच्या नावाने ओरडत होते. भाचा बसूनच होता. त्याने माझी बाही ओढली आणि बोटाने मैदानाचं लांबचं टोक दाखवलं. तिथे १८ नंबर एकटाच, कमरेवर हात ठेवून, सावकाश परत चालत येत होता.

"मामा, ते दोघं याच्या मागे गेले ना, म्हणून तो मोकळा सापडला."